तपासायला किती वेळ लागतो, ते आधी मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेअरिंग, सील, बेल्ट अशा सुट्या भागांचा पुरवठा, चौदा माणसांचा व्यवसाय, दिवसाला चाळीस-पन्नास चौकशा आणि ऑर्डरी, त्याही निम्म्या ईमेलवर नि निम्म्या व्हॉट्सअ‍ॅपवर. एका विक्रेत्याने चॅटबॉटसकट वर्षभराचा करार पुढे ठेवलाय. तो घ्यावा का? नसेल तर कोणतं एआय घ्यावं? आणि त्यासाठी संगणकातला जाणकार माणूस नेमावा लागेल का?

माणूस नेमू नका, करार आत्ता घेऊ नका, आणि कोणतं एआय घ्यायचं हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. आता हे असं का, ते सांगते. छोट्या व्यवसायांच्या हिशेबाच्या आणि ऑर्डरींच्या प्रणाली बसवून देणं हे माझं काम. अठरा वर्षं झाली. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि त्यानंतर माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण हाच प्रश्न घेऊन येतो. त्यातल्या काहींचं काम खरंच हलकं झालं. काहींनी वर्षाचे पैसे भरले आणि तिसऱ्या महिन्यापासून ते उघडूनही पाहिलं नाही. दोघांमधला फरक साधनाचा नव्हता, पहिलं काम कोणतं निवडलं त्याचा होता.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट मला सापडली नाही. तुमचं घोडं नक्की कुठे अडतंय? चौकशीला उत्तर द्यायला उशीर होतो, की ऑर्डर चुकीची भरली जाते, की जुनं कोटेशन शोधण्यात अर्धा दिवस जातो? विक्रेत्यालाही ते माहीत नाही. तो औषध घेऊन आलाय, आणि दुखणं तुम्ही सांगाल अशी त्याची अपेक्षा आहे.

म्हणून पहिला आठवडा एआयला हातही लावू नका. प्रत्येकाच्या टेबलावर एक कोरा कागद चिकटवा. कोणतंही काम दिवसात दुसऱ्यांदा करावं लागलं की त्यावर लिहायचं: काम काय, साधारण किती मिनिटं. बस. लोकांना ‘तुमचा वेळ कशात जातो’ असं तोंडी विचारू नका, कारण माणूस जे काम त्याला नकोसं वाटतं ते सांगतो, जे वेळ खातं ते नाही. एका ठिकाणी सगळे एकमुखाने म्हणाले, तक्रारींच्या ईमेलना उत्तरं लिहिणं फार वेळ खातं. कागद गोळा केले तर तक्रारी आठवड्याला सहा. खरा वेळ जात होता तो ईमेलमधून आलेली ऑर्डर वाचून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक ओळ टाइप करण्यात. ते काम इतकं अंगवळणी पडलं होतं की कुणाला ते काम वाटतच नव्हतं.

या कागदांतून आणखी एक गोष्ट बाहेर येते, आणि ती एआय विकणारा तुम्हाला सांगणार नाही. यादीतली तिसरा हिस्सा तरी कामं एआयशिवाय सुटतात. जुनी कोटेशनं सापडत नाहीत याचा इलाज म्हणजे सगळ्यांचं एक फोल्डर आणि फाइलला नाव देण्याचा एक नियम. रोज तेच उत्तर लिहावं लागत असेल तर एक तयार मजकूर पुरतो. ही कामं आधी बाजूला काढा.

उरलेल्यांतून एक निवडायचं. एकच. निवडण्याचा माझा निकष एका वाक्याचा आहे: करायला वेळ लागतो, पण झालेलं बरोबर आहे की नाही ते चटकन दिसतं, असं काम घ्या.

हा निकष का, ते कळायला भाषा-मॉडेलं, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या साधनांमागची यंत्रणा, चालतात कशी हे थोडं माहीत हवं. आधी लिहिलेल्या मजकुरावरून पुढे कोणता शब्द, खरं तर शब्दाचा तुकडा, येण्याची शक्यता जास्त आहे याचा अंदाज घेत ती वाक्य विणत जातात. त्यामुळे भाषा नेहमी सफाईदार येते, माहिती असो वा नसो. माणसाला नीट माहीत नसलं की तो अडखळतो, ‘बहुतेक’ म्हणतो, डोकं खाजवतो. आपण त्यावरून ओळखतो. इथे ती खूणच नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि तेही शुद्ध व्याकरणात. म्हणजे तपासणी टळत नाही. मग तपासायला लागणारा वेळ हीच या साधनाची खरी किंमत. दहा मिनिटांचं काम त्याने दहा सेकंदांत केलं आणि ते तपासायला तुम्हाला बारा मिनिटं लागली, तर तुम्ही दोन मिनिटं गमावलीत.

‘मग त्यालाच तपासायला सांगू’ असं बरेच जण म्हणतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात एव्हियान्का या विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले जुने निकाल दाखल केले. ते निकाल अस्तित्वातच नव्हते. ५,००० डॉलरचा दंड झाला, त्याहून जास्त नाचक्की झाली. यातली मला नेहमी आठवणारी गोष्ट वेगळी आहे: हे निकाल खरे आहेत का, असं वकिलाने चॅटजीपीटीलाच विचारलं होतं, आणि त्याने हो म्हणून सांगितलं होतं. तपासणी बाहेरच्या कशाशी तरी ताडूनच व्हायला हवी. मूळ ईमेल, तुमची मालाची यादी, किंवा जाणत्या माणसाची नजर.

तुमच्या व्यवसायात हा निकष लावला तर मला पहिलं काम दिसतं ते ऑर्डरचा मजकूर वाचून त्याचा तक्ता बनवण्याचं. जरा जवळून दाखवते, कारण सगळं यश-अपयश इथल्या बारकाव्यांत आहे.

समजा गिऱ्हाइकाचा ईमेल असा आला: ‘मागच्या वेळचे ६२०५ दहा पाठवा, त्याला बसणारे सील वीस, आणि बी ५२ बेल्ट असेल तर चार.’ तुम्ही मॉडेलला नुसतं म्हणालात की याचा तक्ता कर, तर छान तक्ता येईल. त्यात पहिल्या ओळीत कदाचित ‘६२०५-२आरएस’ असेल. गिऱ्हाइकाने ‘२आरएस’ लिहिलेलंच नाही. तुम्हाला सांगायला नको, ६२०५ वरून बेअरिंगची मापं, जसं २५ मिलिमीटरचं भोक, एवढीच ठरतात. दोन्ही बाजूंना रबरी सील (म्हणजे ‘२आरएस’), की पत्र्याचं झाकण, की उघडं, हे पुढच्या अक्षरांवर. मॉडेलने ‘२आरएस’ घातलं, कारण त्याने वाचलेल्या मजकुरात ६२०५ च्या मागे ते वारंवार आलंय. बरोबर असायची शक्यताही बरीच. आणि म्हणूनच ते घातक, कारण दहांतले आठ वेळा बरोबर निघणारी गोष्ट माणूस अकराव्या वेळी तपासत नाही.

मी देते ती सूचना साधारण अशी असते:

‘खालच्या ईमेलमधून मागवलेल्या वस्तूंचा तक्ता कर. रकाने चार: मूळ शब्द, वस्तू, नग, शंका. मूळ शब्द या रकान्यात ईमेलमधले शब्द जसेच्या तसे उतरव, बदलू नकोस. जे ईमेलमध्ये लिहिलेलं नाही ते स्वतःच्या मनाने भरू नकोस. तिथे “विचारा” असं लिही. “मागच्या वेळचे”, “तेच”, “त्याला बसणारे” असे शब्द आले तर ती ओळ शंकेत टाक. बेरीज करू नकोस.’

यातला ‘मूळ शब्द’ हा रकाना महत्त्वाचा. तो असला की तपासणाऱ्याला ईमेल पुन्हा उघडावा लागत नाही. नजर त्याच ओळीत डावीकडून उजवीकडे जाते आणि तफावत लगेच टोचते. आता वरच्या ईमेलचा तक्ता असा यायला हवा की पहिल्या दोन ओळी शंकेत आणि फक्त बेल्टची ओळ स्वच्छ. वाचणाऱ्याला वाटेल, मग उपयोग काय झाला? झाला. कारण गिऱ्हाइकाला करायचा फोन आता माल निघण्याआधी होतो. मॉडेल कधीकधी मूळ शब्दही किंचित बदलून उतरवतं, तेव्हा सुरुवातीला त्यावरही लक्ष ठेवा. बेरीज मात्र स्प्रेडशीटमध्येच. आकडेमोडीत ही मॉडेलं सुधारली आहेत, तरी जे काम स्प्रेडशीट हमखास बरोबर करते ते अंदाजाने चालणाऱ्या यंत्राला कशाला द्यायचं?

मोजमापाशिवाय यातलं काही करू नका. वाटण्यावर अजिबात जाऊ नका. इथे वाटणं फसवं आहे याचा पुरावा आहे. २०२५ मध्ये मेटर या संशोधन संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रॅमर घेतले, त्यांच्या नेहमीच्या प्रकल्पांतली २४६ कामं घेतली, आणि काहींत एआय वापरू दिलं, काहींत नाही. एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. त्याच लोकांना काम संपल्यावर विचारलं तर ते म्हणाले, आम्ही २० टक्के जलद झालो. उलटा अनुभवही आहे. एरिक ब्रिनयॉल्फसन आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये मांडलेल्या अभ्यासात ५,१७९ ग्राहकसेवा कर्मचारी होते. एआयच्या मदतीने तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या, नवख्यांच्या तर ३४ टक्क्यांनी, मुरलेल्यांना मात्र जेमतेम फायदा. म्हणजे एआयने वेळ वाचतो का, याला एकच उत्तर नाही. काम कोणतं, करणारा कोण, यावर ते फिरतं. तुमच्याकडे काय होतं हे तुमचं घड्याळच सांगेल.

आता माणसांबद्दल. तुम्ही लिहिलंय की लोक बिचकलेत. बिचकणारच, मालक एआय आणतोय म्हणजे कुणाची तरी खुर्ची जाणार, हे कुणी न सांगताही कार्यालयात पसरतं. तुम्ही कोणाला काढणार नसाल तर ते स्पष्ट सांगा, आणि वाचलेला वेळ कशात घालणार तेही सांगा. काढणार असाल, तर सूचना सुधारायला त्यांच्याकडून मनापासून मदत मिळेल अशी आशा धरू नका. हा निर्णय तुमचा, मी त्यात काही बोलत नाही.

पण काम कोणाच्या हाती द्यायचं यावर बोलते. बहुतेक मालक हे काम सगळ्यात तरुण माणसाला देतात, कारण त्याला मोबाइल चांगला येतो. मीही सुरुवातीला तेच केलं होतं. त्या मुलाने चार दिवसांत सगळं सुंदर बसवलं. महिन्याभराने कळलं की तक्त्यात गिऱ्हाइकाने न सांगितलेली मापं घुसत होती आणि त्याला ती खटकत नव्हती, कारण माल हाताळायचा त्याला अनुभवच नव्हता. परत आलेल्या मालाचा भुर्दंड त्या व्यवसायाने सोसला, आणि चूक माझी होती. तेव्हापासून मी तपासणीची सही त्या कामातल्या सगळ्यात जुन्या माणसाकडे ठेवते. तरुण मुलगा बटणं दाबेल, हरकत नाही. ‘६२०५ चं सील? यांचं यंत्र तर धुळीत चालतं’ हे ज्याला आपोआप सुचतं, त्याची नजर शेवटची असायला हवी.

चॅटबॉटचं सांगते. तो वाईट असतो असं नाही, पण पहिलं पाऊल म्हणून चुकीचा, आणि वरचाच निकष लावला तर का ते दिसेल: त्याने गिऱ्हाइकाला काय सांगितलं हे तुम्ही तपासण्याआधी गिऱ्हाइकाने वाचलेलं असतं. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितलं की नातेवाइकाच्या निधनानिमित्त मिळणारी भाड्याची सवलत प्रवास झाल्यावरही मागता येते. कंपनीचा नियम तसा नव्हता. प्रकरण ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणापुढे गेलं. चॅटबॉट जे बोलला त्याची जबाबदारी त्याची, अशा अर्थाचा कंपनीचा युक्तिवाद फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळला गेला आणि भरपाई द्यावी लागली. एवढ्या मोठ्या कंपनीला ते पचलं. तुमच्या नावाने कोणी ‘दोन दिवसांत माल पोचतो’ असं ठोकून दिलं तर?

त्याऐवजी सहा महिने उत्तरांचे नुसते मसुदे बनवून घ्या. मसुदा मॉडेलचा, पाठवणारा माणूस. कोणता मसुदा एकही शब्द न बदलता गेला आणि कोणता खोडावा लागला, याची खूण ठेवा. सहा महिन्यांनी तुमच्याकडे अशी यादी असेल की अमुक प्रकारच्या प्रश्नांना मसुदे जसेच्या तसे जातात. चॅटबॉट लावायचाच झाला तर तेवढ्याच प्रश्नांपुरता लावा, बाकीचं माणसाकडे वळवा. ती यादी हातात असली की विक्रेत्याशी बोलण्याचा सूरच बदलतो, हे मी स्वतः पाहिलंय.

माहितीच्या सुरक्षेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तो विषय टाळता येत नाही. तुमच्या चौदांपैकी दोघे-तिघे आजही स्वतःच्या मोबाइलवरच्या फुकट खात्यात गिऱ्हाइकांचे ईमेल टाकत असतील. रागावू नका, विचारा. रागावलात तर वापर थांबणार नाही, लपून होईल. २०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी कंपनीचा अंतर्गत प्रोग्रॅम-कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं उघडकीला आलं आणि कंपनीला अशा साधनांवर बंदी घालावी लागली. वैयक्तिक खात्यांमधला मजकूर पुढच्या मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरला जाऊ शकतो. बहुतेक ठिकाणी ते बंद करण्याची सेटिंग असते, पण ती शोधून बंद करावी लागते. व्यवसायासाठीच्या खात्यांमध्ये असा वापर सहसा मुळातच बंद असतो. अटी एकदा स्वतः वाचा, कारण त्या बदलत राहतात. आणि एक नियम भिंतीवर लावा: पासवर्ड, बँकेचा तपशील, कर्मचाऱ्यांचे पगार आणि आजारपण, दुसऱ्याने विश्वासाने दिलेले दर, हे कुठल्याच खात्यात टाकायचं नाही.

आता साधन. चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनी, कोपायलट यांपैकी कोणतंही घ्या. ऑर्डरचा तक्ता बनवणं या सगळ्यांना जमतं आणि त्यांच्यातला आजचा फरक पुढच्या तिमाहीत उलटा झालेला असू शकतो. तुमचे ईमेल आणि फाइली आधीच ज्या कंपनीच्या सेवेवर आहेत तिचंच घेतलंत तर परवानग्यांची कटकट कमी. दोन माणसांपुरतं, महिन्याच्या बोलीवर घ्या. वर्षाच्या करारातली सवलत मोहक दिसते, पण तुम्ही अजून तेही ठरवलेलं नाही की काम कोणतं.

तुमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला थेट जोडून घ्यायचं की नाही, हे मात्र परिस्थितीवर आहे. दिवसाला चाळीस ऑर्डरी असतील तर तक्ता कॉपी करून टाकणं पुरतं. जोडणी बांधून घेतलीत तर नाकापेक्षा मोती जड. चारशे झाल्या की हिशेब बदलतो, आणि जाणकार माणूस तेव्हा लागतो, तोही बाहेरून, ठरावीक कामापुरता. तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा: जोडणीचे पैसे टोकनवर, म्हणजे मॉडेल मजकुराचे जे छोटे तुकडे पाडतं त्यांच्या संख्येवर, लागतात, आणि बऱ्याच मॉडेलांत देवनागरी मजकुराचे टोकन तेवढ्याच आशयाच्या इंग्रजी मजकुरापेक्षा जास्त पडतात. अंदाजपत्रक इंग्रजी नमुन्यावर काढलं असेल तर ते तुमच्या खऱ्या ईमेलवर काढून मागा.

आणि त्या विक्रेत्याला नकार देऊ नका. त्याला म्हणा, माझे ३० जुने ईमेल देतो, तुझ्या साधनावर माझ्यासमोर चालवून दाखव. जो तयार होतो त्याच्याशी पुढे बोला. जो स्वतःच्या तयार नमुन्यांवरच दाखवण्याचा आग्रह धरतो, त्याच्याशी बोलण्यात वेळ घालवू नका.

ते ३० ईमेल तुम्हाला स्वतःलाही लागणारच आहेत, वरची सूचना मॉडेलवर चालवून पारखायला. निवडताना सोपे उचलू नका. दहा सरळ, दहा अर्धवट वाक्यांचे, आणि दहा असे की ज्यांत मागे गोंधळ झाला होता. निकाल मोजताना चुका तीन खान्यांत टाका: वस्तू सुटली, वस्तू चुकली, नसलेली गोष्ट घातली. पहिल्या दोन खान्यांतल्या चुका, सूचना सुधारली की, बऱ्याच कमी होतात. तिसऱ्या खान्यात सुधारलेल्या सूचनेनंतरही काही पडत राहिलं, तर ते काम सोडा आणि कागदावरचं दुसरं घ्या. आणि या ३० ईमेलची बरोबर उत्तरं मॉडेलचा तक्ता बघण्याआधी, तुमच्या जुन्या माणसाकडून हाताने लिहून घ्या. तक्ता आधी पाहिला की त्यातलं ‘२आरएस’ त्यालाही बरोबरच वाटायला लागतं.